अवेळीचा बहर : तोडलेल्या फांद्या घरात फुलविण्याच्या युरोपीय परंपरेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वसंतात फुलणाऱ्या झुडपांच्या व वृक्षांच्या निष्पर्ण फांद्या ऐन हिवाळ्यात तोडून, उबदार खोलीत पाण्यात ठेवून त्यांना फुलविण्याची प्रथा मध्य युरोपात दीर्घकाळ प्रचलित आहे. ही प्रथा वरवर गृहशोभेची वाटते. तथापि तिच्या इतिहासात धर्मश्रद्धा, व्यापार आणि वनस्पतिशास्त्र या तिन्ही प्रवाहांचा संगम आढळतो. ‘ज्ञान प्रथम प्रयोगशाळेत निर्माण होते व नंतर व्यवहारात उतरते’ हे गृहीतक या संदर्भात कितपत टिकते, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

लोकपरंपरा : बार्बराची फांदी

जर्मनभाषक प्रदेशांत ४ डिसेंबर या संत बार्बराच्या स्मृतिदिनी चेरीची फांदी तोडून पाण्यात ठेवली जाते. कारागृहाकडे नेले जात असताना बार्बराच्या वस्त्रात एक डहाळी अडकली, तिने ती आपल्या पिण्याच्या पाण्यावर जगविली आणि मृत्युदंडाच्या दिवशी ती फुलली, अशी आख्यायिका आहे. फांदी नाताळपर्यंत फुलली तर येणारे वर्ष शुभ जाते किंवा घरातील उपवर मुलीचा विवाह होतो, असा समज होता. १९६९ मध्ये रोमन कॅथलिक पंथाच्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून हा स्मृतिदिन वगळण्यात आला. प्रथा मात्र टिकून राहिली.

४ ते २४ डिसेंबर हा अवघा वीस दिवसांचा काळ होय. फांदी तोडण्यापूर्वी कडक थंडी पडून गेलेली असावी, हा माळ्यांचा संकेत येथे लक्षणीय आहे. पुरेशी थंडी न लागलेली फांदी कितीही ऊब दिली तरी सहसा फुलत नाही. म्हणजे ज्या अपयशाला लोक अपशकुन मानीत, त्याचे कारण अनेकदा त्या वर्षीच्या हवामानात असे. लोकांपाशी नियम होता, पण त्याचा कार्यकारणभाव नव्हता.

व्यापार : पॅरिसचा लायलॅक

एकोणिसाव्या शतकात शहरी धनिकवर्गाच्या मागणीमुळे या प्रथेला व्यापारी रूप प्राप्त झाले. पॅरिसचे बागवान लायलॅकची संपूर्ण झुडपे तापविलेल्या, अंधाऱ्या काचगृहांत ठेवीत. उष्णता व अंधार यांमुळे जांभळ्या जातीलाही पांढरी फुले येत आणि ती हिवाळ्यात चढ्या भावाने विकली जात. फुले जितकी लवकर, तितका नफा अधिक. परंतु शरदाच्या अखेरीस कळी कशालाच दाद देत नसे. याच व्यापारी अडचणीने शास्त्रज्ञांचे लक्ष वेधून घेतले.

प्रयोगशाळा : ईथर आणि ऊन पाणी

डॅनिश शास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सेन यांनी १९०० मध्ये ईथर पद्धतीवर जर्मन भाषेत पुस्तिका प्रसिद्ध केली. १९०९ मध्ये ‘जीन’ ही संज्ञा रूढ करणारे शास्त्रज्ञ ते हेच. बंदिस्त पेटीत सुमारे दोन दिवस ईथरची वाफ दिल्यास लायलॅकच्या कळ्या लवकर जाग्या होतात, असे त्यांनी दाखविले. जो पदार्थ माणसाला गुंगी आणतो तोच कळीला जागे करतो, हा विरोधाभास उल्लेखनीय आहे. सुप्तावस्थेचे पूर्व, मध्य व उत्तर असे तीन टप्पे असून मधल्या टप्प्यात कळीला जागे करणे सर्वांत कठीण असते, हा त्यांचा निष्कर्ष अधिक मूलगामी होता.

ईथर ज्वालाग्राही व खर्चिक होते. हान्स मोलिश यांनी १९०९ मध्ये साधा पर्याय पुढे आणला : झुडपाच्या फांद्या ३० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात नऊ ते बारा तास बुडवून ठेवणे. झुडपाची एकच बाजू बुडविली तर तेवढीच फुलते, हे त्यांनी सिद्ध केले. हेच मोलिश १९२८-२९ मध्ये कलकत्त्याच्या बोस संस्थेत संशोधनासाठी आले होते. १९२० मध्ये अमेरिकेतील फ्रेडरिक कोव्हिल यांनी थंडी हीच सुप्तावस्था मोडणारी प्रेरणा असल्याचे प्रयोगांनिशी मांडले. माळ्यांच्या जुन्या संकेताला अशा प्रकारे शास्त्रीय आधार मिळाला.

महाराष्ट्राचा संदर्भ

महाराष्ट्रात फांद्या घरात फुलविण्याची अशी परंपरा नसली, तरी मूळ प्रश्न येथील शेतकऱ्यास अपरिचित नाही. संत्रा-मोसंबीच्या बागेस पाण्याचा ताण देऊन बहर धरणे आणि ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावणे, या दोन्ही क्रियांमागे झाडाच्या विश्रांतीचे व्यवस्थापन हेच सूत्र आहे. थंडीची जागा पहिल्या उदाहरणात ताणाने, तर दुसऱ्यात रसायनाने घेतली आहे.

निष्कर्ष

१. थंडीचा नियम व्यवहारात आधी व प्रयोगशाळेत नंतर आला. म्हणून प्रारंभीचे गृहीतक येथे टिकत नाही.

२. तथापि लोकज्ञानाचा निरपवाद गौरवही इतिहासाला धरून होणार नाही. अपयशाची चिकित्सा प्रयोगामुळेच शक्य झाली.

३. हिवाळे उबदार होत असताना फळझाडांना पुरेशी थंडी मिळणे, हा आज शेतीपुढील गंभीर प्रश्न आहे. बार्बराची न फुललेली फांदी हा एकेकाळी अपशकुन होता. आता ती हवामानाची नोंद म्हणून वाचणे आवश्यक आहे.