चीनच्या भिंतीवरील दोन पांथस्थ

परक्यांना बाहेर ठेवण्यासाठीं बांधलेल्या चीनच्या भिंतीवरून इ. स. १९८८ सालीं दोन परकीं माणसें एकमेकांच्या दिशेनें चालत आलीं, आणि त्या चालण्यासच त्यांनीं आपली कलाकृति म्हटलें. चित्र नाहीं, मूर्ति नाहीं, रंगमंच नाहीं. कलावंताचा देह व त्याची कृति हीच कला, असें मानणारा पंथ पश्चिमेकडे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बळावला. त्याविषयीं पुष्कळ वाचकांचें मत प्रतिकूल असेल. आमचेंही सर्वस्वीं अनुकूल आहे असें नाहीं. तथापि या प्रवासाची हकीकत जाणून घेण्याजोगी खास आहे.

मरीना अब्रामोविच या बेलग्रेडच्या, आणि ऊले हे जर्मन. १९७६ पासून दोघांनीं एकत्र काम आरंभिलें, आणि कित्येक वर्षें एका जुन्या मोटारगाडींतच संसार केला. १९८१ ते १९८७ या काळांत त्यांनीं निरनिराळ्या देशांत एकूण ९० दिवस मेजाच्या दोन बाजूंस निश्चल व निःशब्द बसण्याचा प्रयोग केला. १९८३ सालीं आम्स्टरडॅम येथें त्यांच्यासमवेत एक तिबेटी लामा व ऑस्ट्रेलियांतील एक आदिवासी वृद्धही बसले. भाषा वर्ज्य केली तर भिन्न संस्कृतींचीं माणसें परस्परांस ओळखूं शकतात काय, हा त्या बैठकीमागील प्रश्न होता.

भिंतीची कल्पना याच सुमाराची. दोन टोकांकडून निघावें, मध्यें भेटावें आणि तेथेंच विवाह करावा, असा संकल्प होता. चिनी सरकारची अनुमति मिळेपर्यंत वर्षांमागून वर्षें गेलीं, आणि तेवढ्यांत प्रेम मात्र आटलें. काव्यांत विरहानंतर मीलन येतें. येथें निरोप घेण्यासाठींच भेटावयाचें ठरलें!

३० मार्च १९८८ रोजीं मरीनाबाई पूर्वेस समुद्रकांठच्या शानहायग्वान येथून, व ऊले पश्चिमेस गोबीच्या वाळवंटाकडील ज्यायूग्वान येथून निघाले. भिंत समुद्रास मिळते त्या स्थळास चिनी लोक ‘वृद्ध नागाचें मस्तक’ म्हणतात. पूर्वेकडे दगडविटांचे उभे चढ, पश्चिमेकडे वाऱ्यानें झिजलेली चोपलेली माती. एकांताची अपेक्षा करणाऱ्या या पांथस्थांबरोबर अधिकारी आणि दुभाषे सदैव असत. भिंतीवर मुक्काम करण्यास मनाई असल्यामुळें रोज संध्याकाळीं खालच्या गांवांत उतरावें लागे, व सकाळीं पुन्हा वर चढावें लागे.

परंतु या मनाईनेंच प्रवासास खरा अर्थ आला, असें आम्हांस वाटतें. मरीनाबाई गांवांतील सर्वांत वृद्ध माणसास भेटण्याची इच्छा दर्शवीत व जुन्या कथा विचारीत. उत्तरादाखल बहुधा नागांच्या कथा ऐकावयास मिळत. कलावंतांच्या मतें भिंत ही ध्यानाची वाट. सरकारच्या मतें राष्ट्राचें वैभव, जिच्या जीर्णोद्धाराची मोहीम १९८४ सालीं सुरू झाली होती. आणि ग्रामस्थांनीं तर तिच्या विटा काढून कित्येक घरें उभारलेलीं. मोहिमेचें पुष्कळ कौतुक झालें. परंतु भिंतीच्या सावलींत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या या माणसांचीं नांवें कलेच्या इतिहासांत कोठें आढळत नाहींत, ही उणीव आम्हांस खटकते.

प्रत्येकानें सुमारें २,००० किलोमीटर चालून, ९० दिवसांनीं, २७ जून रोजीं शान्‌शी प्रांतांतील शनमू येथें दोघें भेटलीं. छायाचित्रास शोभेल असें स्थळ पाहून ऊले तेथें आधींच थांबून राहिले होते, याचा मरीनाबाईंना राग आला, असें त्यांनीं पुढें लिहिलें आहे. आलिंगन झालें, आणि वाटा वेगळ्या झाल्या. ऊले यांनीं पुढें आपल्या चिनी दुभाषी स्त्रीशीं विवाह केला.

२०१० सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत मरीनाबाई अनोळखी प्रेक्षकांसमोर मूकपणें बसत असतां ऊले अकस्मात्‌ समोर येऊन बसले. बाईंनीं नियम मोडून मेजावरून दोन्ही हात पुढें केले. पुढें संयुक्त कलाकृतींच्या उत्पन्नावरून ऊले यांनीं त्यांच्यावर फिर्याद केली, आणि २०१६ सालीं नेदरलंड्‌समधील न्यायालयानें ऊले यांच्या बाजूनें निकाल दिला.