घरामागची लोखंडी शेड : पत्रा स्वस्त, शेड महाग, असे का? #थ्रेड

१/
अमेरिकेच्या उपनगरांत आणि खेड्यांत घराच्या मागील मोकळ्या जागेत लोखंडी पत्र्याचे मोठे गॅरेज उभारणे ही आज सर्वसामान्य गोष्ट आहे. तीस फूट रुंद, चाळीस फूट लांब. आत दोन-तीन गाड्या, एखादा ट्रॅक्टर, सुतारकामाचे टेबल. विकणारा तयार सुट्या भागांच्या 'किट'ची किंमत सांगतो, घेणारा तीच गॅरेजची किंमत समजतो. अंदाजपत्रक कोलमडायला सुरुवात होते ती येथूनच.

२/
'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' असे आपल्याकडे म्हणतात. पत्र्याच्या इमारतीचा जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे या म्हणीच्या पूर्वार्धावरील भाष्यच आहे. पत्रा स्वस्त, हलका आणि झटपट चढणारा. मात्र त्याला जागेवर, कोरडा आणि कायदेशीर ठेवण्यासाठी जे लागते ते जड, महाग आणि वेळखाऊ. हा हिशेब माणसे कशी शिकली, ते पाहू.

३/
प्रारंभ लंडनमध्ये होतो. हेन्री रॉबिन्सन पामर हा लंडन डॉक कंपनीचा अभियंता. गोदीत उतरणाऱ्या मालाला मोठे, आगीला सहज बळी न पडणारे आणि कमी खांबांचे छप्पर हवे होते. २८ एप्रिल १८२९ रोजी पामरने पन्हळी धातुपत्र्याचे पेटंट मिळवले आणि लवकरच त्याच गोदीत ओतीव लोखंडाच्या खांबांवर पन्हळी पत्र्याचे कमानदार छत उभे राहिले.

४/
या शोधामागील तत्त्व कोणालाही घरबसल्या पडताळता येईल. साधा कागद दोन पुस्तकांवर पुलासारखा ठेवला तर तो मध्यभागी लवतो. त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घातल्या तर तो पेन्सिलीचे वजन सहज पेलतो. द्रव्य तेच, वजन तेच. केवळ आकारामुळे त्याला ताठपणा येतो. पत्र्याला पन्हळ दिली म्हणजे तुळया, वासे आणि खांब कमी लागतात. स्वस्ताईचे मूळ या घडीत आहे.

५/
एक शत्रू उरला होता : गंज. १८३७ मध्ये फ्रान्समधील स्तानिस्लास सोरेल याने लोखंडावर वितळलेल्या जस्ताचा थर चढवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. जस्त स्वतः झिजते आणि आतील लोखंडाला वाचवते. पन्हळ आणि जस्त एकत्र आले आणि आज ज्याला आपण नुसते 'पत्रा' म्हणतो, तो जन्माला आला. पामरच्या पेटंटची चौदा वर्षांची मुदत १८४३ मध्ये संपली. मग अनेक कारखाने या धंद्यात उतरले.

६/
बाजारपेठ मिळवून दिली सोन्याने. १८४८-४९ मध्ये कॅलिफोर्नियात आणि १८५१ पासून ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात सोन्यामागे माणसांचे लोंढे लोटले. राहायला घरे नव्हती, सुतारांची मजुरी गगनाला भिडली होती. न्यूयॉर्कचा व्यापारी पीटर नेलर आणि मँचेस्टरचा एडवर्ड बेलहाऊस यांच्यासारख्या उत्पादकांनी सुट्या भागांची लोखंडी घरे जहाजांत भरून पाठवली. आजच्या किटचे हे पूर्वज होत.

७/
त्यांतील काही घरे आजही उभी आहेत. दक्षिण मेलबर्नमध्ये त्या काळातील लोखंडी घरे तेथील नॅशनल ट्रस्टने जपून ठेवली आहेत. ती पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. इंग्लंडच्या दमट थंडीत आखलेले घर ऑस्ट्रेलियाच्या उन्हाळ्यात भट्टीसारखे तापणारच. एका हवामानाचा आराखडा दुसऱ्या हवामानात जसाच्या तसा चालत नाही. किटच्या खरेदीतील हा पहिला, आणि आजही सर्वाधिक विसरला जाणारा धडा.

८/
दुसरा धडा अधिक भीषण होता. लोखंड जळत नाही, म्हणून लोखंडी इमारत आगीपासून सुरक्षित, असा समज सॅन फ्रान्सिस्कोत रूढ झाला होता. मे १८५१ च्या महाभयंकर आगीत काही जण मालाच्या रक्षणासाठी लोखंडी इमारतींत थांबले. उष्णतेने लोखंड फुगले, दारे चौकटीत घट्ट अडकली आणि आतील माणसांना बाहेर पडता आले नाही. न जळणारी वस्तू आणि सुरक्षित इमारत यांतील अंतर त्या माणसांच्या प्राणांनी मोजले गेले.

९/
तरीही पत्र्याची प्रतिष्ठा वाढत होती. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात बेलहाऊसचे काम पाहून राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स आल्बर्ट यांनी बाल्मोरल येथे लोखंडी नृत्यगृह मागवले. दुसरीकडे विल्यम मॉरिससारख्या कलावंत-विचारवंताला खेड्यापाड्यांत पसरणारा पत्रा डोळ्यांत खुपत होता. शेजाऱ्याच्या अंगणातील शेड पाहून आज नाक मुरडणाऱ्यांची परंपरा ही अशी जुनी आहे.

१०/
पत्र्याचा काटेकोर हिशेब मांडला लष्कराने. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात ब्रिटिशांनी प्रथम दगडी चौकी-बुरूज बांधले. त्यांना शेकडो पौंड आणि काही महिने लागत. १९०१ मध्ये मेजर राइस याने पत्र्याच्या दोन थरांमध्ये खडी भरलेला गोल बुरूज आखला. मोठ्या संख्येने तयार होऊ लागल्यावर त्याचा खर्च अवघ्या १६ पौंडांवर आला. युद्ध संपेपर्यंत सुमारे ८,००० चौक्यांचे जाळे विणले गेले.

११/
ही काटकसर कोणासाठी होती, हेही विसरता येत नाही. त्याच जाळ्याने मुलूख कुंपणासारखा विभागला गेला आणि त्याच युद्धात बोअर स्त्रिया-मुले आणि कृष्णवर्णीय कुटुंबे छावण्यांत कोंडली गेली. बुरुजाचे १६ पौंड हिशेबाच्या वहीत चढले. मुलखाने दिलेली किंमत कोणत्याही रकान्यात मावणारी नव्हती.

१२/
१९१६ मध्ये पश्चिम आघाडीवर मेजर पीटर नॉर्मन निसेन याने अर्धगोल झोपडी आखली. सर्व भाग एका लष्करी ट्रकमध्ये मावावेत आणि सहा माणसांनी ती चार तासांत उभी करावी, हे तिचे गणित. आराखड्यात वाहतूक आणि मजुरी यांचा विचार आरंभापासून होता. पहिल्या महायुद्धात अशा झोपड्या एक लाखाच्या घरात उभ्या राहिल्या.

१३/
निसेनला पत्र्याचा आणखी एक स्वभाव ठाऊक होता. थंडीत पत्र्याच्या आतील बाजूस माणसांच्या श्वासातील वाफ गोठून थेंब पडतात. म्हणून त्याच्या झोपडीला आतून अस्तर होते आणि दोन थरांमध्ये हवेची पोकळी. आज गॅरेजमधील हत्यारे गंजतात, लाकूड फुगते, ते बहुधा पावसाने नव्हे, या 'घामाने'. अस्तर आणि वायुवीजन हा चैनीचा खर्च नव्हे, हे १९१६ मध्येच कळले होते.

१४/
आता गॅरेजकडे वळू. हा शब्द फ्रेंच. वाहन आडोशाला नेऊन ठेवणे या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला. आरंभी मोटारी घोड्यांच्या तबेल्यांतच ठेवल्या जात. पण गवत, पेट्रोल आणि दिवा ही मंडळी एकत्र नांदणे अवघड. १९०८ मध्ये फोर्डची 'मॉडेल टी' ८५० डॉलरला बाजारात आली आणि मोटार मध्यमवर्गीयांच्या दाराशी उभी राहिली. तिला घरापासून दूर, परसात, सहजी न जळणारा निवारा हवा होता.

१५/
ही गरज हेरणाऱ्यांत कॅन्सस सिटीची बटलर मॅन्युफॅक्चरिंग ही कंपनी होती. गुरांना पाणी पाजण्याच्या पत्र्याच्या टाक्या हा तिचा मूळ धंदा. १९१० च्या आसपास तिने मॉडेल टीसाठी धातूची गॅरेजे बनवायला घेतली. गुरांच्या टाकीचा पत्रा मोटारीच्या डोक्यावर गेला. पुढे हीच कंपनी पूर्वनिर्मित पोलादी इमारतींच्या व्यवसायात अग्रगण्य ठरली.

१६/
परसात शेड उभी राहिली की शेजारी जागा होतो. १९१६ मध्ये न्यूयॉर्क शहराने जमिनीच्या वापराचे सर्वंकष नियम केले. ओहायोतील युक्लिड या गावाने असेच नियम केले, तेव्हा अँबलर रिअॅल्टी या जमीन-कंपनीने त्यांना आव्हान दिले. आपल्या जमिनीवर आपण काय बांधावे हे गावाने का ठरवावे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

१७/
नोव्हेंबर १९२६ मध्ये न्यायालयाने बहुमताने गावाच्या बाजूने कौल दिला. आज अमेरिकेत गॅरेज बांधणाऱ्याला सीमेपासून किती सामासिक अंतर सोडावे, उंची किती असावी, भूखंडाचा किती भाग झाकता येईल हे स्थानिक नियमांतून पाहावे लागते. त्या व्यवस्थेला भक्कम घटनात्मक आधार या निकालाने दिला. म्हणून किट मागवण्याआधी मोजणीचा नकाशा आणि परवानगी. नियमात न बसणारी शेड उतरवण्याचा खर्च कोणत्याही किटच्या किमतीत धरलेला नसतो.

१८/
दुसऱ्या महायुद्धात निसेनचीच कल्पना अमेरिकेने ऱ्होड आयलंडमधील क्वॉनसेट पॉइंट येथे १९४१ मध्ये नव्याने घडवली. अशा दीड लाखांहून अधिक क्वॉनसेट झोपड्या तयार झाल्या. युद्धानंतर उरलेला माल साधारण हजार डॉलरला एक या दराने नागरिकांना विकला गेला. घरे, दुकाने, गोदामे, गॅरेजे अशा रूपांत लष्करी पत्रा नागरी जीवनात शिरला.

१९/
'इमारत विकत घेऊन घरी आणायची' ही सवय या काळात घट्ट रुजली. पण लष्कराकडे जमीन, मजूर, ट्रक आणि अभियंते हाताशी होते. त्यामुळे तेथे झोपडीची किंमत ही जवळजवळ पत्र्याचीच किंमत असे. नागरिकाकडे यांपैकी काहीच नव्हते. लष्करी किंमत आणि नागरी खर्च यांतील ही दरी आजच्या जाहिरातींतही तशीच आहे.

२०/
ही दरी किती मोठी, ते एका साध्या गणिताने पाहू. ३० बाय ४० फुटांचे, १० फूट उंच भिंतींचे गॅरेज. छत आणि भिंती मिळून सुमारे २,६०० चौरस फूट पत्रा लागेल. त्याचे वजन सव्वा टनाच्या आतबाहेर. खाली चार इंच जाडीचा काँक्रीटचा कोबा घातला तर तो होतो ४०० घनफूट, म्हणजे सुमारे २७ टन! किटच्या जाहिरातीत बहुधा हा कोबा नसतो; जमीन सपाट करणे आणि खडीचा थर तर त्याहूनही मागे राहतात.

२१/
आता छतावरचा भार. जेथे चौरस फुटाला ३० पौंड बर्फ धरावा लागतो, तेथे १,२०० चौरस फुटांच्या छतावर ३६,००० पौंड, म्हणजे सुमारे १६ टन ओझे येते. पत्रा सव्वा टनाचा, त्याच्या डोक्यावर सोळा टन. त्यामुळे बर्फाळ प्रदेशातील सांगाडा आणि उष्ण प्रदेशातील सांगाडा यांची किंमत एक असू शकत नाही. दूरच्या राज्यातील 'स्वस्त' किट हे अनेकदा दुसऱ्याच आकाशासाठी बनवलेले असते.

२२/
वाऱ्याचे गणित उलटे. तो छताला खाली दाबतो त्याहून अधिक वर उचलतो. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीतील असंख्य घरांवरचे पत्रे उडवले. गावाकडे छपरावर दगड ठेवण्याची रीत याच भीतीतून आली. हलकी इमारत आपल्या वजनाने टिकत नाही, ती जमिनीशी बांधूनच टिकते. वरील २७ टनांच्या कोब्याचे आणि त्यात रोवलेल्या बोल्टांचे एक मोठे काम तेच : शेडला उडू न देणे.

२३/
अंदाजपत्रकाचा क्रम या इतिहासातूनच मिळतो. आधी जमीन आणि कायदा : मोजणी, सामासिक अंतर, परवानगी. मग पाया : सपाटीकरण, खडी, कोबा, बोल्ट. मग स्थानिक बर्फ-वाऱ्याला पुरेल असा सांगाडा. त्यानंतर पत्रा, अस्तर, वायुवीजन. मग वाहतूक, उभारणीची मजुरी, दारे, वीज. शेवटी अनपेक्षित खर्चासाठी राखीव रक्कम. ज्या पत्र्याच्या किमतीपासून बहुतेक जण आरंभ करतात, तो या यादीत चौथ्या पायरीवर आहे.

२४/
या यादीतील प्रत्येक ओळ कोणाच्या तरी अनुभवातून आली आहे. अस्तरामागे खंदकांजवळच्या झोपड्यांतील ओल आहे, सामासिक अंतरामागे युक्लिडचा खटला आहे, सहज उघडणाऱ्या दुसऱ्या दारामागे सॅन फ्रान्सिस्कोत अडकलेली माणसे आहेत. पैसे कमी पडू लागले की या ओळींवरच प्रथम काट मारली जाते, कारण त्या डोळ्यांना दिसत नाहीत. पत्रा मात्र दिसतो. पामरने १८२९ मध्ये पत्रा स्वस्त केला. जमीन, हवामान आणि शेजारी यांची किंमत तेव्हाही ज्याची त्यालाच मोजावी लागत होती. (समाप्त)