स्टॅग बाऊल : छोट्या कॉलेजांच्या अंतिम सामन्याचा इतिहास

कोडोलीत येऊन अमेरिकन फुटबॉलवर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. पण आपल्या गावाला अमेरिका परकी नाही. इथलं मिशन हॉस्पिटल अमेरिकन मिशनऱ्यांच्या कामातून उभं राहिलं. त्या कामाची सुरुवात करणारे रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला, प्रिन्स्टनला शिकला आणि धर्मप्रसारक झाला.

त्याच पिढीतला, १८६२ चा, अमोस अलोन्झो स्टॅग. हाही येल विद्यापीठात धर्मोपदेशक व्हायलाच गेला होता. पण वक्तृत्वात आपण कमी पडतो असं त्याला वाटलं आणि तो मैदानाकडे वळला. १८९२ पासून चाळीस वर्षं तो शिकागो विद्यापीठात फुटबॉल शिकवत होता. हा फुटबॉल म्हणजे आपल्या शाहू स्टेडियमवरचा नव्हे. यात लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं असतं. सत्तरी झाली म्हणून विद्यापीठानं त्याला निवृत्त केलं. तो दुसरीकडे जाऊन शिकवू लागला. पुढे पंच्याऐंशीच्या घरात असताना मुलाच्या जोडीनं सस्क्वेहाना या छोट्या कॉलेजात शिकवलं. १९६५ मध्ये तो गेला तेव्हा वय होतं १०२.

दरम्यान शिकागोत काय झालं? कॉलेजच्या फुटबॉलचा धंदा झालाय, विद्येशी त्याचा संबंध उरला नाही, असं म्हणून कुलगुरू हचिन्स यांनी १९३९ मध्ये संघच बंद केला. मैदान ओस पडलं. २ डिसेंबर १९४२ रोजी त्याच स्टॅग फील्डच्या प्रेक्षागृहाखाली फर्मी यांनी पहिली नियंत्रित अणुसाखळी घडवली. खेळ गेला आणि तिथं काय आलं, बघा!

हंगाम संपल्यावरच्या मोठ्या सामन्याला तिकडे 'बाऊल' म्हणतात. वाडग्यासारख्या स्टेडियमवरून ते नाव पडलं. १९६९ मध्ये छोट्या कॉलेजांसाठी 'स्टॅग बाऊल' सुरू झाला. १९७३ पासून तो तिसऱ्या श्रेणीचा अंतिम सामना झाला; त्या वर्षी विटेनबर्गनं जुनियाटाला ४१-० असं हरवलं. या श्रेणीचा नियम असा, की खेळतो म्हणून कुणाला शिष्यवृत्ती द्यायची नाही. आणि १९६९ मध्येच शिकागोनं पुन्हा संघ उभा केला. आज तो याच श्रेणीत खेळतो. म्हणजे हचिन्स यांचा आक्षेप खरा होता, उपाय मात्र दुसरा निघाला : खेळ ठेवायचा, त्याची किंमत काढून टाकायची.

आता तुम्ही विचाराल, 'सर, खुराकाशिवाय पोरगं तालमीत टिकेल का?' बरोबर आहे. शाहू महाराजांनी राजाश्रय दिला नसता, तर कोल्हापूरची कुस्ती एवढी वाढली नसती. पण त्या श्रेणीतसुद्धा गरीब विद्यार्थ्याला मदत मिळतेच. ती गरज बघून मिळते, खेळ बघून नाही. मदत आणि खरेदी यांत फरक आहे. मदत घेतलेला मुलगा गुडघा मोडला तरी विद्यार्थीच राहतो. विकत घेतलेला मुलगा त्या दिवशी कुणाचाच राहत नाही.

आपल्या खेड्यापाड्यांतल्या कॉलेजांत 'भरतीला उपयोग काय?' म्हणून मैदानं मोकळी पडतायत. ती तशीच पडू द्यायची का, एवढं घरी जाऊन ठरवा.