वकील मिळाला, पण चौकशी कोण करणार?

मंडळी, आज जरा इतिहास सांगतो. पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा. वेळ कुणावरही येते.

समजा, आपल्या मढच्या एका पोराला रात्री पोलिसांनी उचललं. तो म्हणतो, "त्या वेळी मी बोटीवर होतो." आता बोट किती वाजता किनाऱ्याला लागली हे नाखव्याला कोण विचारणार? जेट्टीजवळच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातलं फुटेज पुसलं जायच्या आत कोण मागणार? पोलीस त्यांची बाजू उभी करतात. घरची माणसं विचारायला गेली, तर "साक्षीदार फोडतायत" म्हणून उलट आरोप होतो, जामीनही धोक्यात येतो. वकील तर तारखेला कोर्टात उभा.

अमेरिकेत या कामाला पगारी माणूस असतो. लॉस एंजेलिसमध्ये १९१४ साली गरीब आरोपींसाठी पहिलं सरकारी बचाव कार्यालय सुरू झालं. आज अशा कित्येक कार्यालयांत वकिलांच्या जोडीला तपासनीस असतात. नवीन लागलेला पोरगा किंवा पोरगी काय करते? साक्षीदारांची दारं वाजवते, जागेचे फोटो काढते, फुटेज आणि कागद गोळा करते. वॉशिंग्टनच्या कार्यालयात तर कॉलेजची मुलंही हे काम शिकतात.

आपल्याकडे काय झालं ते बघा. गरीब कैद्याला सरकारी खर्चाने वकील मिळालाच पाहिजे, हे सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये होसकोट खटल्यात सांगितलं. तो खटला महाराष्ट्राचाच. १९८२ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबई सेंट्रल जेलमध्ये, म्हणजे आपल्या आर्थर रोडला, १५ बायकांशी बोलून सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. कोर्टाने काय केलं? निर्मला निकेतन या समाजकार्य कॉलेजच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना आत जाऊन बायकांशी बोलायला आणि अहवाल द्यायला सांगितलं. १९८३ चा निकाल आला तो त्यानंतर. बायकांसाठी वेगळी कोठडी, चौकशीला महिला पोलीस हजर, अटक झाली की विधी सहाय्य समितीला लगेच कळवायचं, हे सगळं त्यात आहे. कुणीतरी जाऊन विचारलं म्हणून हे घडलं.

आणि कुणी बघितलंच नाही तर काय होतं? आपल्या राज्यात २००३ मध्ये भयंकर हत्याकांड झालं. भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी झाली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सहाही जणांना फाशीच दिली. पुढे फेरविचार झाला, तेव्हा फाइलमधलाच एक कागद महत्त्वाचा ठरला. वाचलेल्या साक्षीदार बाईने घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांच्या फोटोंमधून चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्या चौघांचा पाठपुरावाच झाला नव्हता. ५ मार्च २०१९ ला सहाही जण निर्दोष सुटले आणि प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश राज्य सरकारला झाला. सोळा वर्षांची ही किंमत.

दुसरं उदाहरण पुण्याचं. १९९४ च्या एका हत्याकांडात फाशी झालेला कैदी. खटल्यात त्याचं नाव एक, राजस्थानात बिकानेर जिल्ह्यातल्या गावच्या शाळेत दुसरं. शाळेच्या नोंदीत जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे गुन्ह्याच्या वेळी वय साडेबारा वर्षं! कायद्याने त्याला फाशी देताच येत नव्हती. मार्च २०२३ मध्ये कोर्टाने सोडलं, तोवर २८ वर्षं तुरुंगात गेली होती. ती नोंद इतकी वर्षं शाळेतच पडून होती. ती वेळेवर कोर्टासमोर आणणारं कुणी नव्हतं.

आता आजची गोष्ट. २०२२ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जिल्ह्याजिल्ह्यात बचाव वकिलांची पूर्णवेळ कार्यालयं उघडायची योजना आणली. पाऊल चांगलंच आहे. पण पदांची यादी बघा: मुख्य वकील, उपमुख्य वकील, सहाय्यक वकील, क्लार्क, डेटा एंट्री ऑपरेटर, शिपाई. तपासनीस नाही! टाइप करायला माणूस आहे, पण जेट्टीवर जाऊन विचारायला नाही.

कुणी म्हणेल, गुन्हेगारांसाठी एवढा खर्च कशाला? अहो, २००३ च्या त्या हत्याकांडात खऱ्या मारेकऱ्यांचं काय झालं? चुकीचा माणूस आत गेला की खरा माणूस मोकळाच राहतो. मेलेल्यांच्या घरच्यांनाही न्याय मिळत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक बचाव कार्यालयात निदान एक तपासनीस हवा. ओळखपत्र असलेला, प्रशिक्षण घेतलेला. समाजकार्य शिकलेली पोरं मुंबईत कमी नाहीत, आणि कोळीवाड्यात कुणाला काय विचारायचं हे इथल्या पोरांइतकं कुणाला कळणार?

तोवर आपण काय करायचं? एक, १५१०० हा विधी सहाय्याचा नंबर फोनमध्ये ठेवा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतला कुणीही, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. दोन, हा वकील म्हणजे 'सरकारी वकील' नव्हे. सरकारी वकील आरोपीच्या विरुद्ध उभा असतो, घोळ करू नका. तीन, कोण कुठे होतं, कुणी बघितलं, कॅमेरा कुठे आहे, हे त्याच दिवशी कागदावर लिहून वकिलाच्या हातात द्या. साक्षीदाराकडे स्वतः जाऊ नका.

पटलं तर गावच्या ग्रुपवर टाका. आणि मतं मागायला कुणी आलं, की या एका पदाबद्दल नक्की विचारा.