घबाड, अडगळ आणि धातू



आपल्याकडे जमिनीत काही सापडलं की पहिला शब्द येतो 'घबाड'. कोणी 'दफिना' म्हणतो, कोणी 'गुप्तधन'. सरकारी भाषेत 'निखात निधी'. 1878 च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या अशा सापडलेल्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. हे सारे शब्द पैशाचे. वस्तू कोणी पुरली, कशासाठी पुरली, याचा त्यांत पत्ता नाही.

नालासोपाऱ्याच्या टेकाडाला लोक 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते खणलं, तर आत विटांचा स्तूप! स्तूपाच्या पोटात दगडी पेटी, पेटीत एकात एक ठेवलेले करंडक: तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. करंडक म्हणजे आजीच्या फडताळातला करंडाच की! पण सोन्याच्या करंडकात काय होतं? मातीच्या भांड्याची बारीक खापरं. बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ती जपलेली. घबाड शोधणाऱ्याने सोनं घेऊन खापरं फेकून दिली असती. आपल्या परंपरेत अशा अवशेषांना 'धातू' म्हणतात. धातू पोटात ठेवणारा तो 'धातुगर्भ'. सिंहली 'दागाबा' त्याच शब्दातून आला.

आपल्याच जिल्ह्यात, दापोली तालुक्यात, पन्हाळेकाजीची 29 लेणी आहेत. 1139 सालच्या शिलाहार ताम्रपटात 'प्रणालक' हे नाव आहे. ते प्रणालक म्हणजेच पन्हाळेकाजी. पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी या लेण्यांचा सविस्तर अभ्यास केला. तिथे अक्षोभ्याची मूर्ती आहे. तो ताम्रपट भांडी बनवणाऱ्याकडे मोडीत गेला असता तर? आमच्या मते घरोघरची जुनी पत्रकं, सभांच्या पावत्या रद्दीत जातात त्याचंही कारण हेच, 'अडगळ' याखेरीज आपण त्यांना दुसरा शब्दच दिलेला नाही.

1898 साली पिप्रहवा येथे विल्यम पेप्पे यांना स्तूपात अस्थी आणि रत्नं मिळाली. काही रत्नं पेप्पे घराण्याकडेच राहिली. मे 2025 मध्ये हाँगकाँगला ती लिलावाला निघाली, म्हणजे धातूसोबतची पूजावस्तू संग्राहकाची चीज झाली. भारत सरकारने नोटीस धाडली, लिलाव थांबला, आणि जुलै 2025 मध्ये ती रत्नं भारतात परत आली.