अजिंठा, भायखळा आणि एक फुलदाणी

डिझाइन शिकणारी मुलं आम्हाला नेहमी विचारतात, मुंबईत कुठली प्रदर्शनं बघू? आम्ही जहांगीरचं नाव घेऊ अशी त्यांची अपेक्षा असते. तेही घेऊ, पण आज सुरुवात भायखळ्यापासून करू या. राणीच्या बागेत पेंग्विन बघायला रांग लागते. त्याच आवारातल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाकडे मात्र कमी पावलं वळतात.

हे संग्रहालय मुळात चित्रं टांगायला निघालेलंच नाही. १८५१ साली लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये जगभरच्या मालाचं मोठं प्रदर्शन भरलं, १८५५ला पॅरिसला. तिकडे धाडायला इथल्या कारागिरांच्या वस्तू गोळा झाल्या आणि तशाच काही वस्तू मुंबईत ठेवाव्यात, असं ठरलं. फोर्टातल्या टाउन बराकीत संग्रह मांडला गेला. १८५७ला सैन्याला बराक हवी झाली, तेव्हा सगळं बाहेर काढलं, पुष्कळ मोडलं. उरलंसुरलं डॉ. जॉर्ज बर्डवूड यांनी सावरलं. जगन्नाथ शंकरशेट आणि भाऊ दाजींसारख्या मंडळींनी नव्या इमारतीसाठी खटपट केली आणि १८७२ला ती भायखळ्याला उघडली.

आत गेलात की आधी खांब, हिरवा-सोनेरी रंग, फरशा यांनी डोळे दिपतात. ते ओसरू द्या. मग मुंबईच्या आर्ट स्कूलमध्ये, म्हणजे आपल्या जे.जे.मध्ये, १८७०च्या दशकात घडलेल्या मातीच्या भांड्यांपाशी थांबा. जॉर्ज टेरी यांनी तिथे कुंभारकामाचा विभाग उभा केला. त्यासाठी सिंधमधून जाणते कुंभार आणले. आकार आणि झिलई सिंधची, आणि पुढे अंगावर नक्षी चढली ती अजिंठ्याची.

अजिंठा तिथे पोचला कसा? १८७२पासून १८८५पर्यंत जॉन ग्रिफिथ्स दर हिवाळ्यात जे.जे.चे विद्यार्थी घेऊन लेण्यांत जात. अंधारात, वटवाघळांच्या वासात ही मुलं भिंतींवरची चित्रं कॅनव्हासवर उतरवत. यातले पेस्तनजी बमनजी यांचं नाव तरी राहिलं. बाकीची बरीचशी नावं विरून गेली आणि काम ओळखलं जातं ते ग्रिफिथ्सच्या नावाने. हे आम्हाला खटकतं. नकला लंडनला गेल्या आणि १८८५च्या आगीत त्यांतल्या पुष्कळशा जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांच्या नकलांचंही १८६६ला क्रिस्टल पॅलेसच्या आगीत तेच झालं होतं. योगायोग म्हणा, पण वाईट.

आणखी वाईट पुढे आहे. चित्रं नीट दिसावीत म्हणून नकला करणाऱ्यांनी मूळ भिंतींवर वॉर्निश चढवलं. ते पुढे पिवळं पडलं, धूळ धरून बसलं, काढताना रंगांनाही त्रास झाला. म्हणजे ज्या चित्रांवरून प्रेरणा घेतली, त्यांचंच नुकसान झालं. भायखळ्याची फुलदाणी बघताना हे आम्ही विसरू शकत नाही, आणि फुलदाणी सुंदर आहे हेही नाकारू शकत नाही.

मात्र त्या मुलांनी फक्त नक्षी उचलली नाही. वर्षानुवर्षं हाताने रेषा गिरवल्यावर ती रेषा गोल भांड्यावर कशी वळवायची हे त्यांना कळलं. आज फोनवर फोटो काढून तोच बॉर्डरचा तुकडा साडीवर, पाकिटावर, ॲपवर चिकटवतात. त्यात हे वळवणं कुठे असतं? वही न्या बरोबर, तासभर बसा. एकच भांडं काढा, खालून वर.

याच शाळेच्या मुलांनी व्ही.टी.च्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या, दगडी नक्षीवरही काम केलं. लोकल पकडता पकडता वर बघितलं तर तेही प्रदर्शनच, तिकिटाशिवाय.

तिथून काळा घोडा चालत जाता येतं. घोड्यावरचा एडवर्ड राजा १९६५ला रस्त्यावरून हटवला आणि तो नेला कुठे? राणीच्या बागेत, संग्रहालयाच्या शेजारी! इकडे उरलं फक्त नाव. स्वाराशिवायचा नवा घोडा आला तो २०१७ला. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ची. तिथली मांडणी दर काही दिवसांनी बदलते, म्हणून अमुकच बघा असं सांगण्यात अर्थ नाही. बाहेर फुटपाथवरही चित्रं टांगलेली असतात. आम्ही तिथे आधी थांबतो, कारण चित्रकार स्वतः शेजारी उभा असतो आणि त्याला नाव विचारता येतं.