अभिजात भाषांचे अध्ययन आणि महाड–पोलादपूर परिसर : काही लॅटिन ग्रंथकारांच्या संदर्भात

प्रस्तावना

मुंबई विद्यापीठाची स्थापना 1857 मध्ये झाली. इंग्लंडमधील विद्यापीठांत त्या काळी लॅटिन व ग्रीक या भाषांवाचून कोणी सुशिक्षित मानला जात नसे. तोच दंडक थोड्याफार फरकाने येथे आला. इंग्रजीच्या जोडीला एक अभिजात भाषा हवी, असा आग्रह धरला गेला. लॅटिनच्या आसनावर येथे बहुसंख्य विद्यार्थ्यांसाठी संस्कृत बसली, काहींसाठी फारसी. प्रत्यक्ष लॅटिन मिशनरी संस्थांतून व मोजक्या महाविद्यालयांतून शिकविली जाई. गोमंतकात तर धर्मगुरूंच्या शिक्षणात तिला फार पूर्वीपासून स्थान होते. याच व्यवस्थेत मराठीला मात्र उच्च परीक्षांतून बाहेर जावे लागले. तिला परत आणण्यासाठी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत झटावे लागले.

महाड आणि पोलादपूर या रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील तालुक्यांत लॅटिनच्या अध्यापनाची परंपरा नाही. तरीही अभिजात भाषा कोणी वाचावी, कशासाठी वाचावी आणि कोणाला वाचू दिली जात नाही, या प्रश्नांचा इतिहास या परिसराशी निकट निगडित आहे. व्हर्जिल, लिव्ही आणि प्लिनी हे तीन लॅटिन ग्रंथकार जगभरच्या विद्यार्थ्यांच्या आवडीचे आहेत. त्यांच्या संदर्भात या परिसराच्या इतिहासाकडे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

व्हर्जिल आणि कवींद्र परमानंद

लॅटिन शिकणारा विद्यार्थी व्याकरणाची वाट संपवून काव्याकडे वळला, की त्याला प्रथम भेटतो तो व्हर्जिल (इ.स.पू. 70 ते 19). त्याचे ‘इनीड’ हे बारा सर्गांचे महाकाव्य ऑगस्टसच्या राजवटीत रचले गेले. नव्या सत्तेला प्राचीन व पवित्र परंपरेशी जोडणे, हे त्याचे एक प्रयोजन होते. कवीच्या मृत्यूमुळे त्यावरचा अखेरचा हात फिरवावयाचा राहिला.

या काव्याचा विचार करताना पोलादपूरच्या रहिवाशाला कवींद्र परमानंदांचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविक आहे. परमानंद मूळचे नेवाशाचे. त्यांची समाधी पोलादपूर येथे आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या चरित्रावरील त्यांचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्यही अपूर्ण राहिले. त्याचा बत्तिसावा अध्याय मध्येच थांबतो. सदाशिव महादेव दिवेकर यांनी हा ग्रंथ मराठी भाषांतरासह 1927 मध्ये प्रसिद्धीस आणला. रायगडावर 1674 मध्ये राज्याभिषेक झाला. त्याच राजवटीत राज्यव्यवहारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला. अभिजात भाषा ही राजसत्तेला प्रतिष्ठा देणारी भाषा असते, हे तत्त्व रोमप्रमाणे रायगडावरही ओळखले गेले होते. फरक एवढाच, की व्हर्जिलची लॅटिन ही त्याच्या वाचकांची बोलती भाषा होती, तर परमानंदांची संस्कृत मावळ्यांच्या कानांना परकीच होती.

दोन विद्यार्थी

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत शिकलेल्या आणि महाडशी नाते असलेल्या दोन विद्यार्थ्यांची उदाहरणे येथे विचारात घेण्याजोगी आहेत.

पहिले चिंतामण द्वारकानाथ देशमुख. त्यांचा जन्म 14 जानेवारी 1896 रोजी महाडजवळील नाते या गावी झाला. 1912 च्या मॅट्रिक परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठी असलेली मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे केंब्रिजच्या जीझस महाविद्यालयात त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. ते आय.सी.एस. झाले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, 1950 ते 1956 या काळात केंद्रीय अर्थमंत्री होते. या सर्व धकाधकीत त्यांनी संस्कृतची साथ सोडली नाही. कालिदासाच्या ‘मेघदूता’चा त्यांनी मराठीत अनुवाद केला, गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत आणली, स्वतः संस्कृत काव्यरचना केली. शाळेत लागलेली एका ग्रंथकाराची गोडी जन्मभर पुरते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

दुसरे विद्यार्थी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. ते देशमुखांपेक्षा पाच वर्षांनी वडील होते आणि 1907 मध्ये एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. त्यांनी संस्कृत शिकावी अशी वडिलांची इच्छा होती. परंतु अस्पृश्य विद्यार्थ्याला संस्कृत शिकविण्यास शिक्षकाने नकार दिल्याने त्यांना फारसी घ्यावी लागली. महाविद्यालयातही त्यांनी फारसीच चालू ठेवली. संस्कृत ग्रंथांशी त्यांनी परिचय करून घेतला तो पुढे, स्वतःच्या प्रयत्नाने.

दोघांच्याही बुद्धिमत्तेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. विद्यापीठही एकच होते. नियमाच्या पुस्तकात संस्कृत सर्वांसाठी खुली होती, वर्गाच्या दारात ती तशी नव्हती. एकाला जी भाषा शिष्यवृत्ती देऊन गेली, तीच दुसऱ्याला नाकारली गेली. शिक्षणाच्या इतिहासात केवळ अभ्यासक्रम पाहून भागत नाही, तो कोणाच्या वाट्याला आला हेही पाहावे लागते.

लिव्ही, कॅन्युलियस आणि चवदार तळे

लिव्ही (इ.स.पू. 59 ते इ.स. 17) याने रोमच्या स्थापनेपासूनचा इतिहास 142 खंडांत लिहिला. त्यांपैकी 35 आज उपलब्ध आहेत. त्याच्या प्रारंभीच्या खंडांचा मोठा भाग पॅट्रिशियन हा कुलीन वर्ग आणि प्लेबियन हा सामान्य वर्ग यांच्या संघर्षाने व्यापलेला आहे. बारा फलकांच्या कायद्याने (इ.स.पू. 450 च्या सुमारास) या दोन वर्गांत विवाहास मनाई केली होती. इ.स.पू. 445 मध्ये कॅन्युलियस या प्लेबियनांच्या प्रतिनिधीने ती उठविण्याचा ठराव आणला. विरोधकांचे म्हणणे असे, की मिश्र विवाहाने रक्त विटाळेल आणि शकुन पाहण्याचा कुलीनांचा धार्मिक अधिकार गोंधळात पडेल.

कॅन्युलियसच्या तोंडी लिव्हीने घातलेले भाषण चौथ्या खंडात आहे. त्यातील एक युक्तिवाद महाडच्या वाचकाला थांबवून ठेवील असा आहे. लग्नाला बंदी करताच आहात, तर मग सामान्य माणसाने कुलीनाच्या शेजारी राहू नये, त्याच्या रस्त्याने चालू नये, एका पंक्तीस बसू नये, एका चौकात उभे राहू नये, असाही कायदा का करीत नाही, असे तो उपरोधाने विचारतो. रोमन श्रोत्यांना ही कल्पना हास्यास्पद वाटावी, अशी वक्त्याची अपेक्षा आहे. त्या हास्यास्पदतेवरच त्याच्या युक्तिवादाची भिस्त आहे.

रोममध्ये जे अतिशयोक्तीचे उदाहरण होते, ते महाडात 1927 साली रोजचे वास्तव होते. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 मध्ये संमत झाला होता. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने महाड नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांस खुले केले होते. तरीही त्या पाण्याला अस्पृश्यांचा हात लागत नव्हता. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी व त्यांच्या अनुयायांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. नंतर नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडच्या परिषदेत ‘मनुस्मृती’चे दहन झाले. दहनाचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता. न्यायालयीन लढा मुंबई उच्च न्यायालयात 1937 मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने संपला. ज्या वर्षी ‘शिवभारत’ छापून वाचकांच्या हाती आले, त्याच वर्षी महाडात दुसऱ्या एका संस्कृत ग्रंथाला अग्नी दिला गेला. अभिजात ग्रंथ केवळ अभिमानाचा विषय नसतो, त्याच्या आज्ञांखाली माणसे जगत असतात, याची ही जाणीव होती.

रोमच्या या संघर्षाची दखल डॉ. आंबेडकरांनी 1936 च्या ‘जातिनिर्मूलना’वरील आपल्या प्रसिद्ध इंग्रजी प्रबंधात घेतली आहे. प्लेबियनांना कॉन्सलपदाचा वाटा मिळाला, तरी देवतेची मान्यता पॅट्रिशियन पुजाऱ्यांच्या हाती राहिल्याने त्यांना आपल्या हिताचा खंदा माणूस त्या पदावर बसविता आला नाही, असा त्यांचा आशय आहे. त्यांनी तेथे डेल्फीच्या देवतेचा उल्लेख केला आहे. लिव्हीच्या वर्णनात हा अधिकार मुख्यतः रोममधीलच शकुनविचाराच्या रूपाने येतो. तपशिलातील या फरकाने त्यांच्या निष्कर्षाला बाध येत नाही. राजकीय हक्क मिळाला तरी धर्मश्रद्धेची किल्ली दुसऱ्याच्या हाती असेल तर तो हक्क पांगळा ठरतो, हा तो निष्कर्ष. आंतरजातीय विवाहाला त्याच प्रबंधात त्यांनी दिलेले महत्त्व पाहता कॅन्युलियसचा ठराव आणि त्यांचा विचार यांतील साम्य अधिकच ठळक होते.

प्लिनी आणि सावित्रीचे खोरे

तिसरा ग्रंथकार थोरला प्लिनी. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात त्याचा अंत झाला. त्याच्या 37 खंडांच्या ‘निसर्गेतिहासा’त भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडे येणाऱ्या सागरी मार्गांची माहिती आहे. भारत दरवर्षी रोमन साम्राज्याचे किमान पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो, अशी तक्रार तो सहाव्या खंडात करतो. त्याच शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कोकणच्या बंदरांमध्ये पालैपत्मै हे नाव येते. काही अभ्यासकांनी ते महाडजवळच्या पाले गावाशी जुळविले आहे. हे समीकरण सर्वमान्य नसले, तरी सावित्रीच्या खाडीतून महाडपर्यंत आणि तेथून घाटमार्गे देशावर चालणारा व्यापार जुना आहे, यात संशय नाही. त्याची साक्ष पाले येथील गांधारपाले लेणी देतात. कुमार काणभोज विष्णुपालित याच्या दानाचा तेथील ब्राह्मी लेख प्राकृत भाषेत आहे. रोमचा सुशिक्षित मनुष्य ज्या व्यापाराविषयी लॅटिनमध्ये कुरकुरत होता, त्या व्यापाराच्या काळात येथे दाने प्राकृतात नोंदविली जात होती.

समारोप

बिरवाडी, वरंध, पोलादपूर येथून एस.टी.ने येणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे प्रस्तुत लेखकाने कॅन्युलियसचे भाषण मराठीतून सांगितले, तेव्हा एका विद्यार्थ्याने प्रश्न केला, ‘‘सर, हे मुळातून वाचायचं असेल तर शिकायचं कुठे?’’ त्याला समाधानकारक उत्तर देता आले नाही. आज संस्कृतचे किंवा लॅटिनचे दार जातीच्या नावाने कोणी उघडपणे बंद करीत नाही. परंतु जेथे शिक्षक नाही, ग्रंथ नाहीत आणि तासही नाही, तेथे दार उघडे असून नसल्यासारखेच आहे.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीसह पाली व प्राकृत या भाषांना अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. ज्या मराठीला एकेकाळी विद्यापीठाच्या परीक्षांतून बाहेर काढले गेले, तिला मिळालेला हा मान आनंदाचा आहे. या निमित्ताने पुढील निष्कर्ष मांडता येतात. पहिला, अभिजात भाषांच्या अध्ययनाचा इतिहास हा ग्रंथांइतकाच प्रवेशाचा इतिहास आहे. दुसरा, दूरच्या लॅटिन ग्रंथकारांचे वाचन आपल्या परिसराचा इतिहास अधिक स्पष्ट करू शकते. तिसरा, दर्जाची घोषणा तालुक्याच्या महाविद्यालयातील वर्गापर्यंत पोहोचली पाहिजे. गांधारपाल्याचा लेख महाड शहरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तो वाचू शकणारे विद्यार्थी येथेच तयार व्हावेत, ही अपेक्षा अवाजवी नाही.